दोन रुमालांची जागा

साक्री-धुळे एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा आमच्याकडचा कायदा. त्या दिवशी एकाच जागेवर दोन रुमाल पडले. एक टोपीवाल्या आबांचा, दुसरा सफारीतल्या नानांचा. दोघं हातघाईवर येणार, एवढ्यात मागून एक किडकिडा माणूस आला. त्याने दोन्ही रुमाल उचलले, नीट घड्या घालून ज्याचे त्याला दिले आणि स्वतःच बसला.

"आते मन्हासंगे भांडा भाऊ," शेंगा सोलत तो म्हणाला. "बठ्ठासना फायदा शे."

सगळ्यांचा फायदा! माझा भाचा याला गेम थिअरी म्हणतो. मी निर्लज्जपणा म्हणालो. आबा-नाना तर काय काय म्हणाले! एकाला शिवी सुचेना की दुसरा पुरवायचा. तो मान डोलवायचा, आणि शिवी फारच आवडली तर दोघांनाही मूठभर शेंगा द्यायचा. नेरपर्यंत नानांचा घसा बसला, म्हणून आबांनी त्यांना आपलं पाणी दिलं. धुळं येईपर्यंत उभ्या-उभ्याच आबांची मुलगी नानांच्या मुलाला दाखवायचं ठरलं. तो शेंगावाला मात्र उतरून गर्दीत गेला.

लग्नाला मीही होतो. त्यालाही पत्रिका द्यायची होती, पण नावच कोणाला ठाऊक नव्हतं. मांडवात पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी दिसली. तिच्यावर दोन रुमाल होते. ते सरकवून मी टेकलो, तोच दोन्ही व्याही धावत आले.

"उठा, उठा! ती त्या भाऊनी जागा शे!"