दाजींचे दोन ठोके

आमच्या दाजींइतका हट्टी माणूस मी अख्ख्या नगर जिल्ह्यात पाहिला नाही, आणि आमच्या जिल्ह्यात हट्टी माणसांची वानवा कधीच नव्हती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. घोडेगावच्या अलीकडे दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या मिशनच्या कारखान्यात ते सुतारकी करायचे, पण तो नुसता पोटापाण्याचा उद्योग. एरवी ते होते आमच्या ख्रिस्ती देवळाच्या बँडमधले मोठ्या ढोलाचे मानकरी. बँडमध्ये आम्ही नऊ जण होतो. मी शाळामास्तर, क्लॅरिनेट वाजवायचो. पुढे कॉर्नेट नावाचं पितळी शिंग घेऊन पलटणीतून पेन्शनीवर आलेले आमचे बँडमास्तर, मधे आम्ही, आणि सगळ्यांच्या मागे पोटावर ढोल बांधलेले दाजी. लांबून पाहणाऱ्याला आधी ढोल दिसायचा, मग त्याच्या वर एक पटका आणि खाली दोन पाय. "पाव्हनं," ते मला म्हणायचे, "कारनेट बोलतंय, तुमचं ते किलॅरनेट रडतंय. पर चालतंय कोन? ढोल!"

त्या ढोलाचे जे लाड होत, ते माझ्या बहिणीच्या वाट्याला कधी आले नाहीत. सकाळी तो अंगणात बाजेवर उन्हाला बसायचा, दुपारी सावलीत यायचा, थंडीत त्याच्यावर घरातली एकुलती एक बरी गोधडी पडायची. हवा सर्द असली की चामडं ढिलं पडतं म्हणून दाजी त्याला चुलीपुढे घेऊन बसत आणि अक्काला भाकरी थापायला जागा उरत नसे. "ढोलाशीच लगीन लावायचं हुतं, मला कशाला आनलं?" असं ती वर्षातून एकदा तरी म्हणायची. दाजी त्यावर शांतपणे सांगायचे, "तवा ढोल न्हवता." ढोलाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला पहिला कायदा. परगावी वाजवायला जाताना आम्ही आपापली वाद्यं गाडीत ठेवायचो, दाजी मात्र ढोल मांडीवर घेऊन बसत आणि खड्डा आला की गाडीवानाला शिव्या देत.

दुसरा हट्ट चालीचा. दाजींचा हात एकाच गतीनं पडायचा आणि ती गती होती भरभर चालणाऱ्या माणसाची. सण असो, मिरवणूक असो, मयत असो, दाजी ती बदलत नसत. खिळासुद्धा ते त्याच गतीनं ठोकायचे. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या मयतीला आम्ही वाजवत निघालो. बँडमास्तरांनी आधी चार वेळा बजावलं होतं की सावकाश, दुःखाची चाल आहे. पहिली दहा पावलं दाजींनी दम धरला. मग हात आपल्या वाटेला लागला, मागोमाग आमची चाल, आणि त्या मागोमाग खांदेकरी. ओढ्यापर्यंत पेटी उचललेली माणसं अक्षरशः दुडक्या चालीवर आली होती. पाळकसाहेब पवित्र शास्त्र बगलेत धरून कबरस्तानात पोचले तेव्हा आम्ही घाम पुसत बसलो होतो. म्हातारीचा मुलगा धापा टाकत म्हणाला, "माझी आय जित्ती असताना कंदी एवढी पळाली न्हाई." बँडमास्तर रागानं लाल झाले. दाजी म्हणाले, "ढोल कुनासाठी दमानं घेत न्हाई, मास्तर. मानसानं ढोलासंगं चालायचं आसतं."

यावर कुणाला फार बोलता येत नसे, कारण बँडच्या नाड्या दाजींच्या हातात होत्या. आम्हाला कागदावरचं संगीत वाचता येत नव्हतं. सगळं कानानं बसवलेलं. एखादं गीत धरलं की ते पुन्हा पुन्हा गोल फिरायचं. बँडमास्तर सर्वांत पुढे, आमच्याकडे पाठ करून, त्यामुळे थांबायची खूण त्यांना देता यायची नाही. ती ढोलावरून यायची. लागोपाठ दोन जड ठोके पडले की सगळे गप्प, हा आमच्या बँडचा रिवाज. ते दोन ठोके पडेपर्यंत वाजवत राहायचं, मग ओठ सुजोत की पाय मोडोत. एका नाताळात बँडमास्तर सगळ्यांदेखत बोलून गेले की ढोल फार मोठा वाजतो. आम्ही एक गीत धरून वेशीपासून निघालो, देवळापाशी आलो, दोन ठोके नाहीत. देवळाला वळसा घालून पुन्हा वेशीला गेलो, नाहीत. ज्यांच्या ज्यांच्या दारी करंज्या खायला थांबायचं होतं, त्या साऱ्या दारांवरून आम्ही तीनदा वाजवत गेलो आणि करंज्या तीनदा मागे राहिल्या. शेवटी बँडमास्तर कॉर्नेट खाली घेऊन मागे आले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलं आमचं." दाजींनी धम् धम् दोन ठोके दिले आणि विचारलं, "आता बरूबर आवाज हाय का?"

असा हा माणूस मुलीपुढे मात्र मऊ. मार्था, माझी भाची, त्यांची एकुलती एक. ती पाळण्यात होती तेव्हापासून दाजी तिला सांगत आले होते, "तुझ्या लग्नात ढोल माझ्या हातचा." तीही मोठी होईस्तोवर दर चार-आठ दिवसांनी ते वदवून घ्यायची. लढाईच्या वर्षांत तिचं लग्न घोडेगावच्या मुलाशी ठरलं. मुलगा शिक्षक, मार्थाच्या मनातला. त्याचे वडील बैलांचे व्यापारी, घोडेगावच्या बाजारात त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी एकच अट घातली. "मुलीचा बाप म्हनून मांडवात हुभं ऱ्हावा, न्हाईतर वाजंत्र्यांत. दोन्ही जमायचं न्हाई, आमची मानसं हसत्याल. आन् आमची बैलं ढोलाला बुजत्यात." आम्हाला वाटलं आता दाजी उठून जाणार. स्वतःच्या तळहातांकडे बघत ते म्हणाले, "बरं." जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं ऐकलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

लग्नाच्या दिवशी ढोल घरात गोधडीखाली पडून होता. दुसऱ्या कुणाला द्यायला दाजी तयार नव्हते, म्हणून आम्ही ढोलाशिवायच उभे राहिलो. नवरदेव आला, आम्ही वाजवायला लागलो, आणि थांबायचं कसं हे कुणालाच कळेना. एकानं वाजवणं सोडलं, दुसरा चालूच, तिसरा सोडून पुन्हा सुरू झाला. शेवटी माझं क्लॅरिनेट एकटंच रडत राहिलं आणि वऱ्हाडातली पोरं हसून लोळली. दाजी आपल्याच दारातल्या मांडवात नव्या काळ्या कोटात उभे होते. सगळे म्हणत होते, काय शोभतात. मला फक्त त्यांचा उजवा हात दिसत होता. तो मांडीवर ठेका धरून होता.

जेवणं झाली, दुपार कलली, पाठवणीची वेळ आली. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून व्याह्यांनी मोटारीऐवजी आपल्या खास बैलांची गाडी आणली होती. मार्था गाडीत बसली. अक्का रडत होती, बाया रडत होत्या, मार्था मात्र डोळे कोरडे ठेवून बापाकडे बघत होती.

"बाबा, तुमी सबूद दिला हुता," ती म्हणाली.

दाजी आत गेले आणि ढोल घेऊन बाहेर आले. कोट काढून त्यांनी व्याह्यांच्या हातात दिला, "जरा धरा," म्हणाले, आणि पट्टा गळ्यात अडकवला. व्याही कोट धरून उभेच राहिले. पहिला ठोका पडला तेव्हा बैलांनी कान टवकारले, आम्ही जीव मुठीत धरला. पण ते बुजले नाहीत. ढोलाच्या ठेक्यावर पाऊल टाकत मुकाट चालू लागले.

बँड नेहमी वेशीपाशी थांबायचा. वेस आली, दोन ठोके पडले नाहीत. आम्ही वेस ओलांडली, ओढा ओलांडला, पायांत धूळ, तोंडाला कोरड. बँडमास्तरांनी एकदाच मागे वळून पाहिलं आणि पुन्हा कॉर्नेट तोंडाला लावलं. अर्धा कोस झाला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण सावकाश चाललोय. ढोल दमानं घेत होता. पाळकासाठी नाही, मेलेल्या माणसासाठी नाही, कुणासाठी म्हणून ज्यांनी हात कधी आवरला नाही, ते दाजी एकेक ठोका लांबवत होते. बैलांची पावलं रेंगाळत होती, गाडी हळू हळू होत होती. गाडीत पुढे बसलेले व्याही, कोट मांडीवर, ओरडले, "आवो, बैलं झोपत्याल ना!"

दीड कोस संपला. घोडेगावच्या बाजारतळाची झाडं दिसू लागली, ओठांना रक्ताची चव आली होती. तेव्हा मार्थानं गाडीतून मान बाहेर काढली.

"बाबा," ती म्हणाली, "द्या आता दोन ठोके."

दाजींनी दिले. ते नेहमीसारखे जड नव्हते. इतके हळू होते की पुढे बँडमास्तरांना ऐकू गेले असतील असं मला वाटलं नाही. पण कॉर्नेट थांबलं. आम्ही सगळेच थांबलो आणि गाडी आपल्या चालीनं निघून गेली. दाजींचा कोट तिच्याबरोबरच गेला. तो त्यांनी पुढे कधी परत मागितला नाही.

परत फिरताना कुणी काही वाजवलं नाही. ओढ्यापाशी दाजी थांबले, गळ्यातला पट्टा काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हनं, जरा घ्या." मी ढोल घेतला. तो भलताच जड होता. इतकी वर्षं एकट्यानं कसा वागवला, हे त्यांना विचारायचं माझं राहूनच गेलं.