कुलुपातली बाटली

पखालीनं घरोघर पाणी घालणाऱ्या चाचांनी जबान दिली नसती, तर जालन्यात मी चोर म्हणूनच राहिलो असतो. म्हणून आधी त्यांची आठवण काढतो.

चौथीतच शाळा सुटली आणि नांदेडपलीकडच्या गावाहून पोटासाठी इतक्या लांब आलो. शेठजींच्या सायकल दुकानात काम, झोपणंही तिथंच. जर्मन-जपानच्या लढाईमुळे पंक्चरचं सोल्युशन मिळेना. सुट्टीत हैदराबादेहून शेठजींचा कॉलेजात शिकणारा भाचा, भाऊसाहेब, आला. त्यानं फाटक्या ट्यूबा बंद डब्यात तापवल्या आणि वाफ नळीनं गार पाण्यात बुडवलेल्या बाटलीत उतरवली. उग्र वासाचं, पाण्यासारखं पातळ. ह्यात रबर विरघळतं, की झालं सोल्युशन, म्हणाला.

“हे आयसोप्रीन. चार कार्बन ओळीत, पाचवा बाजूला लटकलेला. ओळीच्या दोन्ही टोकांना दुहेरी हात. त्यातला एकेक हात सोडून शेजाऱ्याला धरला की लांब साखळी होते, तेच रबर. आपण साखळी तोडली. आगीजवळ नेऊ नको. गरमीनं उडून जातं, वरून ओलं गोणपाट ठेव.”

तो परत गेला. बाटली उघड्यावर ठेवायला शेठजींचा जीव होईना. त्यांनी ती पत्र्याच्या कपाटात कुलुपात घातली. वैशाखाचं ऊन, कपाटाला हात लावला तर चटका बसे. काही दिवसांनी उघडलं तर बूच सैल, बाटली निम्मी.

“काय रे, बाटलीला पाय फुटले?”

“शेठजी, गरमीनं उडालं ते. भाऊसाहेब बोलले होते...”

“कुलुपातून? तूच झोपतो हितं. कुठं इकलं, सांग. न्हाई तर चालता हो.”

हाकललं तर जाणार कुठं?

चाचा रांजण भरून राह्यले होते. “शेठजी, पिला असता तर तोंडाला वास आला असता. इकला असता तर अंगावर सदरा तरी बराबर असता. फिरून काढू द्या. बाटली ओल्यात ठेवतो. हा चोर निघाला तर सालभर फुकट पाणी भरतो.”

मी पुन्हा ट्यूबा तापवल्या, भरलेल्या बाटलीवर शेठजींनी खूण केली. चाचा येता-जाता गोणपाटावर पाणी शिंपडत. मला झोप नव्हती. उठून उठून बूच चाचपायचो. तितकेच दिवस गेले, बाटली खुणेपर्यंत भरलेलीच.

“बरं. मंग कामाला लाग,” शेठजी म्हणाले. तेवढंच. बाजारात मात्र पुढंही कोणी कोणी मला बाटलीचोर म्हणे.

अठ्ठेचाळीसला निजामाचं राज्य गेलं, त्या गडबडीत चाचांच्या दाराला कुलूप लागलं. कुठं गेले, कोणी सांगेना. अजून विचारून राह्यलो. ते भेटोत, का त्यांच्या घरचं कोणी; असंच एखाद्या दारात मान खाली घालून उभं दिसलं, तर त्यांच्यासाठी जबान मी देईन. चाचा, हे एक दिवस फेडीनच.