भावंडं आईकडून मोजायची

आमच्या मामेसासऱ्यांइतकं दुसऱ्याच्या आजीबद्दल कुतूहल असलेला माणूस उभ्या माळव्यात सापडायचा नाही. तुम्ही आपलं नाव सांगा, नोकरी सांगा, गाव सांगा, ते सगळं एका कानाने ऐकून घेणार आणि मग विचारणार, "ते ठीक आहे. आईची आई कुठली?" आता उज्जैनच्या फ्रीगंजात भाजी घ्यायला निघालेल्या माणसाला आईची आई कुठली हे पटकन आठवत नाही. तो चाचरला की मामा मान हलवणार, "बघा! स्वतःची पेडिग्री ठाऊक नाही आणि चालले भेंडी घ्यायला." पण यात त्यांचा दोष नव्हता. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पुण्याकडच्या एका स्टड फार्मवर काढलेली. शर्यतीचे घोडे पैदा करतात ना, तिथे. कोणत्या घोडीला कोणता नर द्यायचा हे ठरवणं त्यांचं काम. कुणाच्या पणजोबाचा गुडघा कच्चा होता, कुणाची पणजी शर्यत सुटायच्या आधीच भेदरून घामाघूम व्हायची, हे पाच-पाच पिढ्यांचं सगळं डोक्यात ठेवून जोड्या लावायच्या, अकरा महिने वाट बघायची, आणि शिंगरू धडपडत उभं राहिलं की आधी त्याच्या पायांकडे बघायचं. निवृत्त होऊन मामा नानाखेड्याला येऊन राहिले, तर तिथे घोडे कुठले? मग त्यांनी माणसांवर भागवलं.

मला पसंत करायला आलेल्या मंडळींत ते होते. बाकीच्यांनी पगार विचारला, बँकेत बदली कुठे-कुठे होते ते विचारलं. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "जरा दारापर्यंत चालून दाखवता का?" मी चाललो. काय करतो! माझे वडील लाल झाले होते, आई पदराआड हसत होती. मामांनी मग माझ्या आईला तिच्या वडिलांची चाल विचारली, आजीचा स्वभाव विचारला, आणि जाताना सासूबाईंना, म्हणजे आपल्या सख्ख्या बहिणीला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "ताई, हाड चांगलं आहे. वेग नाही. पण संसार म्हणजे काही पाच फर्लांगांची दौड नाही, लांबची चाल आहे. देऊन टाक." असं प्रशस्तिपत्र मिळालेला मी आमच्या घराण्यातला पहिलाच. बायको अजून कधी चिडली की म्हणते, "मामा म्हणालेच होते, वेग नाही."

लग्नसराईत तर त्यांना बाहेर न्यायची सोय नव्हती. एकदा भर रस्त्यात त्यांनी वरात थांबवली. बँडवाले वाजवतायत, नवरदेव फेट्याची झालर सावरतोय, आणि मामा घोडीचा ओठ वर करून दात बघतायत. घोडीवाला म्हणाला, "क्या हुआ बाबूजी?" मामा म्हणाले, "कुछ नहीं भिया, इसकी माँ किधर की थी?" तो म्हणाला, "माँ का पता नहीं साहब, किराए पे ये ही जाती है." मामांना त्या घोडीचं इतकं वाईट वाटलं की दिवसभर जेवण गेलं नाही. म्हणे, एवढी गुणी घोडी आणि तिच्या आईचं नाव कुणाला माहीत नाही. नवरदेवाच्या आईचं नाव तरी तिथे कुणाला ठाऊक होतं, कुणास ठाऊक.

हसून सोडून द्यावं असा मात्र हा माणूस नव्हता. त्यांच्या हातात खरंच गुण होता. फार्मवर एक घोडी होती, दिसायला अगदीच यथातथा, शर्यतीत कधी चमकली नाही. मालक काढून टाकायच्या विचारात. मामांनी हट्टाने ठेवून घेतली. म्हणाले, हिची आजी मातीत सुद्धा जीव तोडून पळायची, ते रक्त कुठे जाईल? त्यांनी तिला असा नर दिला की ज्याच्या घराण्यात तीच आजी दुरून पुन्हा येत होती. जवळून आली असती तर नास, फार दुरून तर उपयोग नाही, जेवढ्यास तेवढं. त्या जोडीचं शिंगरू पुढे इतकं पळालं की त्याची आठवण काढताना मामांचा आवाज अजून कातर होतो. आणि फसलेल्या जोड्याही ते लपवायचे नाहीत. "कागदावर सगळेच घोडे जिंकतात," असं स्वतःच म्हणायचे.

एका बाबतीत मात्र हा माणूस दगड होता. ती बाब म्हणजे दादामामा. अण्णा म्हणजे मामांचे वडील, उज्जैनलाच सरकारी कचेरीत होते. त्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली, तिचा मुलगा दादामामा. त्याला आजोळी धारला ठेवलं. मग दुसरं लग्न झालं, त्यातून आमच्या सासूबाई आणि मामा. अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात मामांनी रात्रंदिवस केलं. तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलं होतं त्यांना. आणि अण्णा गेल्यावर धारहून दादामामा आले, थोरले म्हणून मडकं त्यांच्या खांद्यावर गेलं, अग्नी त्यांनी दिला. रीतच ती. पण मामांच्या काळजात ते जे रुतलं ते रुतलंच. पुढे दादामामा इथेच शिक्षक झाले, फ्रीगंजात राहिले. मामा त्यांची पायरी चढले नाहीत. आणि घोड्यांच्या धंद्यात त्यांना नेमका हवा तो कायदा सापडला. शर्यतीच्या घोड्यांत भावंडं आईकडून मोजतात. बाप एक आणि आई वेगळी असेल तर ते भाऊ नव्हेत. "एका मोसमात एका नराची चाळीस पोरं," मामा ऐटीत सांगायचे, "कुणाकुणाला भाऊ म्हणायचं?"

सासूबाई एरवी गरीब, पण यावर उसळायच्या. "बाळ, अण्णांना दोनच बायका होत्या, आणि त्याही एक गेल्यावर दुसरी. चाळीस नव्हत्या! माणसाच्या जातीत जन्मलास तर माणसासारखा वाग."

गेल्या दोन वर्षांत दादामामांची स्मृती जायला लागली. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग माणसं. सासूबाई रोज मागे लागायच्या, "ओळखतोय तोवर भेटून ये रे. नंतर डोकं आपटशील." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण मला माहीत होतं, कारण दोनदा त्यांनी मला गुपचूप स्कूटर काढायला लावली होती. दोन्ही वेळा फ्रीगंजचा पूल चढलो आणि मागून खांद्यावर थाप. "जावईबुवा, फिरवा. आज काही बरोबर नाही वाटत." दुसऱ्या खेपेला मी वैतागून म्हटलं, "मामा, भांडायचं तर भांडून या, पण या तर खरं." ते म्हणाले, "भांडणच पाठ करतोय. जमत नाहीये." मला तेव्हा हसू आलं होतं.

मग यंदाची भाऊबीज. सासूबाई आधी दादामामांना ओवाळायला जातात आणि मग आमच्या घरी येऊन धाकट्याला. मामा नवा सदरा घालून पाटावर बसले होते. सासूबाई आल्या त्या तबक खाली ठेवून भिंतीला टेकल्या. "मला म्हणाला, आपण कोण? बसा. हात जोडले रे त्याने मला." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मामा पाटावरून उठले. ओवाळून घेतलं नाही, टिळा नाही, काही नाही. "स्कूटर काढा," म्हणाले. या वेळी पुलावर थाप पडली नाही.

दार दादामामींनी उघडलं. मामांना बघून त्या पदर सावरत बाजूला झाल्या. खिडकीपाशी कानटोपी घालून दादामामा बसले होते. माझ्याकडे त्यांनी परक्यासारखं पाहिलं. मग मामांकडे पाहिलं आणि काठी न घेता उभे राहिले. चेहरा असा उजळला की काय सांगू.

"अण्णा!" ते म्हणाले. "केवढा उशीर! मी केव्हाचा आंघोळ करून बसलोय. आजोबा म्हणत होते, नाही येणार. मी म्हटलं, येणार. मला न्यायला आलात ना?"

मामा जागच्या जागी खिळले. जन्मभर पाठ केलेलं भांडण होतं, कदाचित माफीही असेल. ते ज्याला सांगायचं तो माणूसच तिथे नव्हता. होता तो आठ-नऊ वर्षांचा मुलगा. दादामामी हळू आवाजात मला सांगत होत्या, धारला दर दिवाळीला अण्णा येतो म्हणून निरोप धाडायचे, आणि हे सकाळपासून पायरीवर बसून राहायचे. अण्णा यायचे नाहीत.

मामांनी एकदा डोळे मिटले. मग पुढे होऊन आपल्या थोरल्या भावाची कानटोपी नीट केली आणि म्हणाले, "हो रे बाळा. आलो. जरा बसू, मग जाऊ." दादामामा त्यांचा हात धरून बसले, तो निघेपर्यंत सोडला नाही.

परतताना पुलावर त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली. कठड्याला धरून उभे राहिले. खालून आगगाडी गेली, तिचा आवाज विरला. मग म्हणाले, "त्या दिवाळ्यांना अण्णा कुठे असायचे, ठाऊक आहे? घरी. मला उटणं लावत होते हो ते." आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ते रडले. "तोंडवळा त्यांचा माझ्यात आला, आणि मी मूर्ख आईकडून मोजत बसलो." सांत्वनाचे शब्द असतात ते दुसऱ्यांच्या दुःखाला. घरातल्या दुःखाला पुरत नाहीत.

आता मामा रोज संध्याकाळी फ्रीगंजात जातात. आईची आई कुठली हे हल्ली कुणाला विचारत नाहीत; भाजीवाल्यांनाही चुकल्याचुकल्यासारखं होतं. दादामामा रोज त्यांना उशिराबद्दल रागावतात आणि रोज हात धरून बसतात. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, एकदा त्यांना सांगून तर बघा, मी अण्णा नाही, तुमचा धाकटा भाऊ आहे म्हणून. कोण जाणे, आठवेलही."

मामा बुटाची नाडी बांधत होते. "मलाही वाटतं हो," ते म्हणाले. "एकदा तरी त्याने मला बाळ म्हणून हाक मारावी. पण भावाची वाट तो कधी बघतच नव्हता, जावईबुवा. बापाची बघत होता. इतक्या वर्षांनी आलेला बाप त्याच्या दारातून परत कसा पाठवू?"