मामांच्या बोटीची परतीची फेरी

आमच्या मामांनी आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर बोट घेतली. एवढंच सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे जरा आदराने बघायला लागतो. म्हणून पुढचंही लगेच सांगून टाकतो. बोट हातभर लांब होती, प्लास्टिकची, लाल-पांढरी, आणि रिमोटवर चालायची.

निवृत्त झाले म्हणजे मामा बसमधून उतरले, बस काही त्यांच्यातून उतरली नाही. कुणाच्याही गाडीत शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय जमिनीत रुततो. तिथे ब्रेक नाही हे त्यांना माहीत असतं, पायाला माहीत नसतं. घरात खुर्चीवरून उठतानासुद्धा आधी एकदा डावीकडे बघतात, एकदा उजवीकडे. मामी भाजी निवडता निवडता म्हणते, "निघा आता. मागून कोणी येत नाहीये."

बोटीचं कारण ताई. ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी. मामांनी मोठ्या साहेबांकडे शब्द टाकून तिला बस डेपोच्या ऑफिसात चिकटवलं होतं. ती तिथे चांगली रुळलीही. आणि मग एक दिवस राजीनामा देऊन, नवरा आणि लहान मुलगी यांना घेऊन, दुसऱ्या शहरात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायला निघून गेली. मामांना कळलं तेव्हा राजीनामा मंजूर होऊन कागद फायलीला लागला होता.

"मला विचारलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं?" मामा म्हणाले.

"हो," मामी म्हणाली.

भांडण झालं नाही. झालं असतं तर कधीतरी मिटलं तरी असतं. मामांनी फक्त ताईशी बोलणं बंद केलं. तिचा फोन आला की रस्त्यात सापडलेलं कुणाचं तरी पाकीट परत करावं तसा तो दोन बोटांत धरून मामीला देत. नातीशी मात्र भरभरून बोलत. "तुझ्या आईला विचार गं, दुकानाचं छप्पर गळतंय का अजून?" नात तिकडे ओरडून विचारायची, ताई तिकडून ओरडून उत्तर द्यायची, ते फोनमधून मामांना लख्ख ऐकू यायचं. तरीही नात परत सांगेपर्यंत मामा थांबून राहायचे. सरकारी पत्रव्यवहार याहून जलद चालतो. हे असं दोन वर्षं चाललं होतं.

मग सुट्टीत ताई आणि नात आठवडाभर राहायला येणार असं ठरलं, आणि नातीने फोनवर फर्मान सोडलं, "आजोबा, मला आपोआप चालणारी बोट."

मामा मला घेऊन खेळण्यांच्या दुकानात निघाले. वाटेत म्हणाले, "पोरीला बागेतल्या तळ्यावर नेऊ. ती खेळेल. तिची आई शेजारी उभी राहील. मग..."

"मग काय?"

"मग बघू. पाण्याकाठी बोलायला बरं पडतं. तोंडाकडे बघावं लागत नाही."

मामांचा बेत हा असा होता. बाकी सगळा प्लास्टिकचा सरंजाम.

दुकानदाराने आधी रिमोटच्या मोटारी दाखवल्या. मामांनी त्यांच्याकडे, निवृत्त स्वयंपाकी खाणावळीच्या पाटीकडे बघेल, तसं बघितलं. बोट हातात घेतल्यावर मात्र त्यांनी उलटी करून पंखा बघितला, सुकाणू हलवून बघितलं. विचारलं, "ब्रेक कुठाय?"

"बोटीला ब्रेक नसतो, काका."

"मग थांबते कशी?"

"दांडी सोडून द्यायची. हळूहळू आपली थांबते."

हे उत्तर मामांना मनापासून आवडलं नाही. तरी त्यांनी बोट घेतली.

घरी बॅटरी चार्ज झाली, दिवे लागले, पण पंखा फिरेना. मामांनी रिमोटच्या दोन्ही दांड्या, एक मागे-पुढे जायची आणि एक डावी-उजवीची, सगळ्या दिशांना ढकलून पाहिल्या. मग तणतणत परत दुकानात. "इंजिन लागत नाही." दुकानदार आत गेला, बादलीभर पाणी घेऊन आला आणि बोट त्यात ठेवली. पंख्याने असं काही पाणी उडवलं की मामांचा चष्मा धुऊन निघाला.

"कोरड्यात चालत नाही ही. पाण्याला टेकली की मगच चालते. पोरांची बोटं पंख्यात जायला नकोत म्हणून."

हे मी घरी येऊन मामीला सांगितलं. ती म्हणाली, "घरात ढिम्म आणि बाहेर फर्र. यांच्याच वळणावर गेलीये."

नातीसमोर फजिती नको म्हणून मामांनी आधी सराव करायचं ठरवलं. बागेतलं तळं ऐसपैस आहे. मधोमध एक बंद पडलेलं कारंजं, एका अंगाला कमळाची पानं, भोवती फरसबंद वाट आणि लोखंडी कठडा. पहिल्याच सकाळी मामांनी बोट पाण्यात सोडली आणि ती अशी सुतासारखी सरळ गेली की बाकावरचे लोक पेपर खाली ठेवून बघायला लागले. कारंज्याला वळसासुद्धा झोकात घातला. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात बोटीने आमच्याकडे तोंड केलं आणि सगळं बिनसलं.

भानगड साधी आहे. बोट आपल्यापासून लांब जात असते तेव्हा तिची डावी बाजू आपल्या डावीकडे असते. ती आपल्याकडे यायला लागली की तीच आपल्या उजवीकडे येते. मामांना बोट आपल्या डाव्या हाताला हवी असायची, म्हणून ते दांडी डावीकडे ढकलायचे. बोट उजवीकडे जायची. मामा घाबरून अजून डावीकडे. बोट अजून उजवीकडे. शेवटी कमळाच्या पानांत नाक खुपसून घरघरत बसायची. मग मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरायचो. भाचा असण्याचे काही तोटे असतात.

चार दिवस हेच. जाताना राजासारखी जायची आणि येताना पानांत.

बाकावर कंडक्टर बसलेले असायचे. ते मामांचे नोकरीतले जोडीदार. आता दोघंही घरी बसलेत, पण अजून एकमेकांना हुद्द्यानेच हाक मारतात.

"काय ड्रायव्हर, परतीची फेरी रद्द का आजपण?"

"रस्ता खराब आहे."

"पाण्यात?"

"कंडक्टर, अख्ख्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही माझ्या."

"नाहीच. तुम्ही आत बसला होतात ना."

मामा चिडले. रिमोट कंडक्टरांच्या हातात कोंबून म्हणाले, "तुम्ही आणा मग. सायकलसुद्धा येत नाही तुम्हाला."

हे खरं होतं. कंडक्टरांना सायकल येत नव्हती. त्यांनी रिमोट पोटाशी धरला, बोट कारंज्यामागे नेली, वळवली आणि सरळ मामांच्या पायाशी आणून लावली. उतारू उतरतील इतकी अलगद.

मामांचं तोंड उघडंच राहिलं. कंडक्टर म्हणाले, "त्यात काय आहे? गल्लीत गाडी अडकली की मी खाली उतरायचो. तुमच्याकडे तोंड करून उभा. माझी डावी ती तुमची उजवी. मी माझी डावी सांगत बसलो असतो तर लोकांच्या भिंती पडल्या असत्या. मी खाली उभं राहून तुमच्या सीटवर बसायचो. सवय झाली." मग म्हणाले, "तुम्हाला कधी खाली उतरावंच लागलं नाही, ड्रायव्हर. तुमचा दोष नाही."

दोष नाही असं म्हटल्यावर माणसाला जास्त लागतं. आम्ही घरी आलो. दाराशी चपला काढताना मामा एकदम म्हणाले, "तिने विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं." मी हं म्हणालो. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी युक्ती काढली. बोट परत फिरली की तळ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि मान वळवून मागे बघायचं. म्हणजे बोटीचं आणि आपलं तोंड एकाच दिशेला. बोट बरोबर यायला लागली, पण मान लागली धरायला. मामी मलम चोळत म्हणाली, "खेळणं आणलंय की दुखणं?" युक्ती बंद पडली, आणि ताई यायचा दिवस उजाडला.

ताई दारात आली तेव्हा मामा म्हणाले, "आलात का?" यात ताई, नात, दोन बॅगा आणि रिक्षावाला सगळेच आले. नंतर जेवायला एकाच टेबलाशी बसूनही, "तुझ्या आईला विचार, मीठ हवंय का?"

"आजोबा, आई इथेच आहे," नात म्हणाली.

"हो, पण विचार."

ताईने मीठ स्वतःच ओढून घेतलं. ती मामांचीच मुलगी, हट्टात तसूभर कमी नाही. दोन दिवस असेच गेले. मी मनात म्हटलं, हा आठवडा संपणार, या दोघी जाणार, आणि मामा पुन्हा पाकीट परत करत बसणार.

तिसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो. मामी पाय दुखतात म्हणून घरी थांबली. मला वाटतं, पाय ठणठणीत होते. नातीने बोट गोल गोल फिरवली, स्वतः त्याहून जास्त फिरली, आणि थोड्या वेळाने तिला कंडक्टरांच्या बाकापाशी बदकं दिसली. "आई, धर," म्हणून तिने रिमोट ताईच्या हातात दिला आणि पळाली.

ताईने बोट लांब नेली. छान नेली. कारंज्याला वळसा घातला आणि बोटीने आमच्याकडे तोंड केलं. मग जे व्हायचं तेच झालं. दांडी डावीकडे, बोट उजवीकडे. ताईचा खांदा तिरका झाला, खालचा ओठ दातांत गेला. अगदी मामा. बोट पानांकडे निघाली.

मामांचा हात पुढे आला. तो हात मला ओळखीचा होता. ताई स्कूटर शिकायची तेव्हा तो असाच पुढे यायचा आणि हँडल धरायचा. शेवटी ती मैत्रिणीकडून शिकली. ताईलाही तो हात दिसला. तिने रिमोट छातीशी घट्ट धरला.

हात हवेत थांबला. मग मामांनी तो खिशात घातला आणि चालायला लागले.

ते घरी निघाले असं मला वाटलं. ताईलाही तेच वाटलं असणार, तिचा चेहरा एवढासा झाला. पण मामा फाटकाकडे वळले नाहीत. तळ्याच्या कडेच्या वाटेने, कोपऱ्यावर दोन्हीकडे बघून, त्यांच्या डेपोतल्या चालीने चालत राहिले आणि थेट पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहिले. तोवर ताईने बोट दोनदा पानांपासून मागे घेतली होती आणि ती पुन्हा तिकडेच निघाली होती. आता बोटीची पाठ मामांकडे होती. आमच्याकडे परत येणारी ती बोट तिकडून बघितली तर निघालेली होती, आणि निघालेली बोट मामांना कळत होती.

त्यांनी तोंडाभोवती हात धरले.

"सोड! दांडी सोडून दे आधी!"

ताई दचकली. तिने दांडी सोडली. बोट पानांच्या तोंडाशी हळूहळू थांबली.

"आता जराशी मागे घे!... बस. आता डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?" ताई ओरडली.

"माझ्या नाही, तुझ्या नाही! बोटीच्या! मी मागे उभा आहे तिच्या, मला दिसतंय! तू फक्त मी सांगतो तसं..." मामा थांबले. जरा खालच्या आवाजात, पण तळं ओलांडेल इतपत ओरडून म्हणाले, "तू चालव. चुकलं तर सांगतो."

बाकावरचे पेपर सगळे खाली आले होते.

"येऊ दे... येऊ दे... उजवी जरा... सरळ... येऊ दे..."

बोट ताईच्या पायाशी येऊन टेकली. कंडक्टरांनी किल्लीने कठड्यावर एक टोला दिला. एक टोला म्हणजे थांबा.

ताईने बोट उचलली नाही. पलीकडे बघत उभी राहिली. मामाही तिकडेच उभे. मध्ये सगळं तळं. आणि मग कशाचा काही संबंध नसताना ताई ओरडली, "बाबा, छप्पर बदललं दुकानाचं!"

पलीकडे मामांनी पुन्हा तोंडाभोवती हात धरले.

"कशाचं घातलं?"

"पत्र्याचं!"

"उन्हाळ्यात तापेल!"

"तापतंच! येऊन बघा!"

ओरडाआरडा ऐकून नात बदकं सोडून धावत आली. आईचं बोलणं आजोबांना सांगायचं काम तिचं होतं, आणि ती कामाला पक्की होती. तिने कठड्याला धरून टाचा उंचावल्या आणि सगळा जीव एकवटून ओरडायला सुरुवात केली, "आजोबा, आई म्हणतेय..."

कंडक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे गं. ऐकू आलंय त्यांना."