दीक्षित साहेबांची देखरेख

फाउंड्रीत नोकरी केलेल्या माणसाच्या खिशात रिटायर झाल्यावरही वाळू सापडते, असं माझी बायको म्हणते. किस्स्यांचंही तसंच आहे. आपण मुद्दाम जमवायला जात नाही, ते साठत जातात आणि चहाला चारजण बसले की बाहेर पडतात. आमच्या कारखान्यात किस्से फार, कारण आमच्यावर लक्ष ठेवणारे फार! मी मशीनशॉपचा सुपरवायझर. म्हणजे वरून साहेब माझ्याकडे बघणार आणि खालून कामगार. दोन्हीकडच्या नजरा झेलून माणूस थकतो, खरं सांगतो.

*

नव्वदच्या सुमाराला सगळा कारभार थोरल्या मालकांच्या हातात होता. तक्ते नाहीत, मीटिंग नाही. सकाळी एक फेरी मारायचे आणि कुणी रिकामा बसलेला दिसला की मागे उभं राहून विचारायचे, "काय, जेवलास का?" सकाळी नवाला! एवढं ऐकलं की तो माणूस दिवसभर मान वर करायचा नाही.

आनंदा खोत तेव्हा नवीन लागला होता. कागलकडचा पोरगा, त्याला ही भानगड ठाऊक नव्हती. मालकांनी विचारलं, "जेवलास का?" हा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "न्हाय अजून. तुमी? भाकरी हाय डब्यात, येताय काय?"

मालक हसले आणि मला म्हणाले, "ह्याला ठेवा, चौगुले."

आम्ही ठेवला. पण कायम करा असं काही मालक म्हणाले नव्हते. त्यामुळे आनंदा पुढं वर्षानुवर्षं टेम्पररीच राहिला.

*

टेम्पररी माणसाचं खरं दुखणं पगारात नसतं, लग्नात असतं. आमच्याकडं मुलगी द्यायची म्हणजे पहिला प्रश्न, "पोरगं कायम हाय का?" उंची, रंग, शेती हे सगळं नंतर.

आनंदाला बिद्रीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीला हा पसंत, तिच्या आईला पसंत. चुलता तेवढा अडून बसला. "कायम झाल्याचं कळवा, मग सुपारी फोडू," एवढाच त्याचा निरोप.

आनंदा रोज डबा खाताना मला विचारायचा, "आण्णा, वर काय इषय निघाला का माझा?" मी म्हणायचो, "बघूया की." दुसरं काय सांगणार? पोराची तिशी जवळ आली होती आणि मला त्याच्याकडे बघून वाईट वाटायचं.

*

पुढं थोरले मालक थकले. धाकट्या मालकांनी पुण्याहून दीक्षित साहेबांना मॅनेजर म्हणून आणलं. माणूस वाईट नव्हता. पण जे मोजता येत नाही ते नसतंच, असा त्यांचा ठाम समज. दर सोमवारी त्यांनी मीटिंग सुरू केली. प्रत्येकाला टार्गेट द्यायचे आणि विचारायचे, "शनिवारपर्यंत होईल?"

सगळे म्हणायचे, "हुतंय की."

साहेब खूष. फळ्यावर सगळीकडे शंभर टक्के. शनिवारी बघावं तर निम्मं काम पडलेलं! साहेबांनी लेथवरच्या पाटलांना धरलं. "तुम्ही होतंय म्हणाला होतात ना?"

"व्हय. म्हटलं की."

"मग झालं का नाही?"

"हुतंय की."

शेवटी मी साहेबांना केबिनमध्ये नेऊन सांगितलं, "साहेब, कोल्हापुरात नुसतं 'हुतंय' म्हणाले तर काम होतं. मागे 'की' आला तर ती समजूत घातलेली असते." साहेबांनी ते लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "यापुढे उत्तरात 'की' चालणार नाही. समजलं?"

सगळे एका सुरात म्हणाले, "समजलं की."

*

मग कॅमेरे आले. शॉपच्या चार कोपऱ्यांत चार, आणि टीव्ही साहेबांच्या केबिनमध्ये. आता मी नसलो तरी माझी नजर असेल, असं साहेब सगळ्यांना सांगत होते.

पण फाउंड्रीची धूळ ती. दोन दिवसांत कॅमेरे काळेठिक्कर झाले. साहेबांनी झाडलोट करणाऱ्या म्हादबाला नेमलं. त्यानं शिडी घेऊन फिरायचं आणि फडक्यानं काचा पुसायच्या. चौथा पुसून होईस्तोवर पहिला काळा झालेला असायचा.

एकदा धाकट्या मालकांनी मोठ्या उत्सुकतेनं टीव्ही बघायला घेतला. बराच वेळ बघून म्हणाले, "दीक्षित, आपल्याकडं एकच माणूस कामाला आहे काय?" पडद्यावर दिवसभर एकटा म्हादबाच दिसत होता, तोही अगदी जवळून.

*

इथवर हसण्यावारी गेलं. मग ते ग्रेडचं आलं, आणि माझी झोप उडाली.

साहेबांचा नियम असा, की प्रत्येक सुपरवायझरनं आपल्या माणसांना ए, बी, सी, डी द्यायचे. डी एकाला तरी दिलाच पाहिजे. डीवाला टेम्पररी असेल तर पुढच्या महिन्यापासून घरी. मी म्हणालो, "साहेब, माझ्याकडे डीचा माणूस नाही."

"असतोच, चौगुले. नीट बघत नाही तुम्ही. परमनंट माणसाला डी दिला तर युनियन येईल. टेम्पररी कोण आहे तुमच्याकडे?"

टेम्पररी एकटा आनंदा. त्याच्या हाताखाली शिकलेले दोघे केव्हाच कायम झाले होते. मी घरी आलो, जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी डीपुढं माझंच नाव घालून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी शांतपणे वाचला आणि परत केला. "सुपरवायझरला यात रकाना नाही. एक तारखेपर्यंत विचार करा. नाहीतर खोतचं नाव मी घालतो."

*

एक तारखेच्या आधी आयएसओचा ऑडिटर यायचा होता. कारखाना नियमानं चालतो की नाही, ते तपासणारा बाहेरचा माणूस. साहेबांनी भिंती रंगवल्या, आम्हाला धुतलेले कपडे घालायला लावले. आणि कोल्हापुरात कुणीही अनोळखी माणूस 'पावणं'च असतो, हे एव्हाना ते शिकले होते. बँकेचा माणूस पावणं, टेंपोवाला पावणं. त्यामुळे गेटवरून वॉचमनचा फोन आला, "साहेब, पावणं आल्यात, कारखाना बघायचा म्हंत्यात," तसे ते टाय सावरत धावले. मागे मी.

पांढरा शर्ट, चष्मा, काखेत चामडी बॅग. बोलणं कमी आणि बघणं जास्त. आधी छप्पर बघितलं. मग प्यायचं पाणी चाखून बघितलं. "बुटं कारखाना देतोय व्हय?"

"हो, दरवर्षी," साहेब म्हणाले, आणि माझ्या कानात कुजबुजले, "सेफ्टी चेक करतायत. कडक आहेत."

पुढं पावण्यांनी विचारलं, "हितं कोन आनंदा खोत हाय न्हवं?"

"रँडम सॅम्पल," साहेब पुन्हा कुजबुजले. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. बिद्री. चुलता. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"कामाला कसा हाय त्यो?"

ऑडिटरपुढं कोण आपला माणूस कच्चा म्हणेल! "उत्तम," साहेब म्हणाले. "आमच्या शॉपचा कणा आहे."

"मग इतकी वर्सं कायम का न्हाय केला?"

साहेबांना घाम फुटला. "करतोय ना. याच एक तारखेपासून. चौगुले, ऑर्डर टाइप करून आणा, आत्ता."

मी असा पळालो की वाटेत टोपी पडली. साहेबांनी पावण्यांसमोर सही केली, शिक्का मारला आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. पावण्यांनी तो दोनदा वाचला. मग केबिनमध्ये चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली.

"कारखाना बरा हाय. पानी ग्वाड हाय. पोरगं पसंत हाय आमाला. ह्याच महिन्यात सुपारी फोडूया."

साहेबांचा कप ओठापाशीच थांबला. ते माझ्याकडे बघायला लागले, मी खिडकीबाहेर.

पावण्यांनी बशी खाली ठेवली, आणि साहेबांना बुटापासून टायपर्यंत सावकाश न्याहाळलं.

"आता शबुद तुमी दिलाय," ते म्हणाले. "पर साहेब, तुमी सवता कायम हाय न्हवं?"