टाकीतलं पाणी

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच संताप येतो. एका निरपराध माणसाला मी ठाण्यात बसवून ठेवलं, आणि माझ्याकडे एका ऐकीव वाक्यापलीकडे काहीही नव्हतं.

मी तेव्हा उज्जैनला माधव नगर भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका मशीन शॉपचे मालक रोज येऊन डोकं खात. त्यांची तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक प्रेस सारखी बंद पडायची. सील फाटायचे, फरशीवर तेलाचं तळं व्हायचं, नवा पंप बसवला तरी तेच. मिस्त्रीने तेलाच्या टाकीत पाहिलं तर तेल दुधासारखं पांढरं. आत पाणी गेलेलं. "साहब, कोई दुश्मनी निकाल रहा है," हे मालकांचं पालुपद.

तशात देवास गेटवरच्या खबऱ्याने टीप दिली: प्रेसचा ऑपरेटर चहाच्या टपरीवर म्हणाला, ही मशीन आता फार दिवस चालत नाही. झालं! सुट्टीवरून त्याचं मालकांशी भांडण झालेलं होतंच. मी त्याला उचलून आणलं.

"पाणी तू ओतलंस?"

"साहेब, तेल सांडलं की फडकं घेऊन पुसतो कोण? मीच ना? माझंच काम कशाला वाढवू?"

"मग टपरीवर काय बोललास?"

"सगळे बोलतात तेच. रोज बिघडणाऱ्या मशीनला काय जुग जुग जियो म्हणू?"

हवालदार हसला. मी भडकलो आणि ऑपरेटरला दुसऱ्या दिवशीही बसवून ठेवलं. मालकांनी त्याला कामावरून काढलं.

तो नसतानाही सोमवारी प्रेस पुन्हा गळायला लागली. आता मात्र माझी सटकली. टाकी धुऊन नवं तेल भरायला लावलं आणि पुढच्या सोमवारी, कामगार यायच्या आधी, साध्या कपड्यांत मी शॉपमध्ये आडोशाला उभा राहिलो.

मालक आले. हातात राम घाटावरून भरून आणलेला शिप्रेच्या पाण्याचा लोटा. त्यांनी प्रेसला कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि अख्खा लोटा तिच्या माथ्यावर उपडा केला. तेलाची टाकी तिथेच. तिचं झाकण कधीचं हरवलेलं, तोंडात नुसती चिंधी कोंबलेली.

"ये क्या कर रहे हैं आप?" मी ओरडलोच.

"अभिषेक, साहब. पहले थोड़ा छिड़कता था. इतनी बिगड़ने लगी, तो अब पूरा लोटा चढ़ाता हूँ."

मी कपाळावर हात मारून घेतला. रागवायचं तरी कोणाला? गुन्हा घडलाय की नाही हेच मी पाहिलं नव्हतं. आधी माणूस धरला आणि मग गुन्हा त्याच्या मापाने बेतला. खात्यात ही खोड फार जणांना असते. ती मला आहे, हे त्या सकाळी कळलं.

ऑपरेटरला मालकांनी परत घेतलं. माफी मागणं मात्र वर्दीत असेपर्यंत मला जमलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याच्या घरी गेलो. मी चाचरत सुरुवात केली, तर त्याने मध्येच थांबवलं.

"मला काय सांगता साहेब? मी काही केलं नव्हतं, हे मला ठाऊकच आहे. हिला सांगा. शेजारपाजारच्यांना उत्तरं देऊन ही थकली."

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणालो, "ताई, यांनी काहीही केलं नव्हतं. मी न तपासता यांना ठाण्यात नेलं. चूक माझी होती. मला माफ करा."