सांबारावर झाकलेला फोटो

किरणकुमारनं सांबाराच्या पातेल्यावर जे झाकण ठेवलं, तो फोटो होता.

माश्या घोंघावत होत्या, खरं झाकण सापडत नव्हतं, आणि टेबलावर एक पिवळट जाड पुठ्ठा पडला होता. माणसानं दुसरं करायचं काय? सरस्वतीपुरममध्ये जगन्नाथराव मास्तरांच्या गच्चीवर महिन्यातून एकदा भरणाऱ्या फोटो-मंडळाचा तो चिटणीस. इडल्या थंड होऊ द्यायच्या नाहीत आणि मंडळी तापू द्यायची नाहीत, एवढी दोन कामं त्याच्याकडे. मंडळाचा नियमही त्यानंच केलेला : फोटो उपडे ठेवायचे, मागच्या नावावर कागद चिकटवायचा, आणि चर्चा संपेपर्यंत ज्याचा फोटो त्यानं तोंड उघडायचं नाही.

झाकण उचललं, तर आतल्या अंगाला नदी. काळ्यापांढऱ्या नदीला हळदीचा पूर आलेला.

"अय्यो! कुणाचा हो हा फोटो?"

सगळ्यांनी माना इडल्यांत घातल्या.

"अहो, आता तरी सांगा की!"

"चर्चेआधी नाव नाही," मास्तर म्हणाले. "तुझाच नियम अल्वा, हो की नाही? लाव दोरीला."

किरणकुमारनं रुमालानं टिपून, चिमटा लावून तो टांगला. तेवढ्यात बस चुकल्यामुळे उशिरा आलेली लावण्या धापा टाकत वर आली आणि म्हणाली, "काय धाडस आहे! नदीत पिवळा!"

मग मंडळी तुटून पडली. कावेरी एका बाजूला कलंडलीय, आता सांडेल. विजार दुमडून पाण्यात उभ्या असलेल्या तरुणाला नाकाच्या वर काही दिलेलंच नाही. आणि वरच्या कोपऱ्यात हा धुरकट ढग कसला?

"ढग कुठला, अंगठा आहे काढणाऱ्याचा!" मास्तर म्हणाले, आणि गच्ची हसली.

"अंगठा तेवढा पुसला तर चालेल," किरणकुमारनंही आपलं मत दिलं आणि मागचा कागद सोलला. खाली नाव होतं : भानुमती.

पाण्याच्या टाकीजवळच्या खुर्चीतून अप्पाराव म्हणाले, "आमच्या हिनं काढलाय."

अप्पाराव रंगाऱ्यांच्या घरातले. आजोबांनी लुगडी रंगवली, वडिलांनी चादरींवर छापे मारले, अप्पारावांनी फोटो रंगवले. नवरीची साडी जांभळी की हिरवी, हे तिच्या आईला विचारून काळ्यापांढऱ्या फोटोत बारीक ब्रशनं भरायचे. त्यांच्या स्टुडिओत दोरीला बांधलेला कंगवा होता, पावडरचा डबा होता आणि पडद्यावर रंगवलेला राजवाडा होता. खरा राजवाडा हाकेवर असताना हा कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "खऱ्यापुढं माणूस बारीक दिसतो रे." दसऱ्यात बाहेर फुटपाथवर रांग लागायची आणि भानुमतीबाई एकेका पोराचं नाक पुसून त्याला आत सोडायच्या. किरणकुमारचंही पुसलेलं. त्याच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत तो हसतोय, ते कॅमेऱ्यामागं बाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत होत्या म्हणून. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. बाई जाऊनही दोन दसरे झाले.

इतकी वर्षं अप्पाराव मंडळात येत होते, पण स्वतःचा फोटो कधी आणला नव्हता. आज पहिल्यांदा आणला, तो सांबारावर गेला.

"टी. नरसीपूरला संगमावर गेलो होतो," ते सांगू लागले. "म्हटलं, रोज गावाचे फोटो काढतोय, माझा एक काढ. तिनं काढला तो हा एवढाच. परत कॅमेरा हातात धरला नाही."

"निगेटिव्ह?" किरणकुमारनं चाचरत विचारलं.

"स्टुडिओ रिकामा केला, त्यात गेली."

"पण बाईंचे फोटो असतील की तुमच्याकडे," लावण्या म्हणाली.

"पेटीभर. मी सांगितलं तशी मान, मी सांगितलं तसं हसू. ओठसुद्धा मीच रंगवलेत."

उरलेल्या सांबाराचं पातेलं आपल्याच डोक्यावर उपडं करून घ्यावं असं किरणकुमारला झालं. "अप्पा, मला द्या. नव्यासारखा करून आणतो."

अप्पारावांनी फोटोकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "स्वल्प जपून हं," एवढं म्हणाले आणि दिला.

पुढचे कितीतरी दिवस बँकेतून आला की किरणकुमार कंप्युटरपुढं बसायचा. हळद उतरवली. नदी सरळ केली. बाईंच्या फोटोला परत कुणी हसता कामा नये, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. म्हणून मंडळी ज्याला ज्याला हसली, ते ते निस्तरलं. नाकावरचं डोकं काही आणता येईना, पण बाकी फोटो असा झाला की मास्तरांनाही नाव ठेवायला जागा मिळू नये. चौकटीत बसवून, हातात मिठाईचा पुडा घेऊन तो अप्पारावांच्या दारात उभा राहिला. मूळ फोटोही पाकिटात होता. डाग पडलेला तो आता कोण बघणार, म्हणून खिशातच राहिला.

अप्पारावांनी चष्मा लावला. ओला प्रिंट तपासायचे तशी चौकट खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. बोट नदीवरून फिरलं, तरुणाच्या दुमडलेल्या विजारीवरून फिरलं, वरच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथंच थांबलं. तिथं आता निरभ्र आभाळ होतं.

"कसा झालाय, अप्पा?" किरणकुमार फुलून म्हणाला. "काढा बघू एक तरी चूक!"

अप्पारावांनी चौकट त्याच्या हातात परत दिली.

"सांबार राहू दे, अंगठा परत आण."